आंबट माती

'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य शाळेत घोकले नाही असा मराठी माणूस विरळा. पावसाळ्यात मोरीच्या तोंडाशी एखादे गांडूळ वळवळताना दिसले, की आमच्याकडे ते केरसुणीच्या हिरावर उचलून तुळशीच्या कुंडीत नेऊन सोडत. त्यात भूतदया होती आणि तुळस जोमाने वाढेल असा हिशोबही होता. चार्ल्स डार्विनसारख्या माणसाने आपले शेवटचे पुस्तक, १८८१ साली, गांडुळांच्या कर्तबगारीवर लिहिले. एवढ्या थोर माणसाचे शिफारसपत्र मिळालेला इतका गरीब प्राणी दुसरा नसेल. म्हणून माझी पुतणी जेव्हा म्हणाली, "काका, आमच्या जंगलात गांडूळ म्हणजे घरात शिरलेला चोर," तेव्हा ते वाक्य मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावले.

ही पुतणी थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी. आमचे घराणे तीन पिढ्या कारकुनांचे. मातीशी आमचा संबंध दिवाळीत मुलांच्या किल्ल्यापुरता आणि भाद्रपदात गणपतीपुरता. या मुलीने मात्र माती हाच विषय घेतला, त्यात पदव्या मिळवल्या, आणि न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला दीडएकशे किलोमीटरवर कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत, तिथे जाऊन राहिली. भाऊ चारचौघांत तिचे कौतुक करतो, पण एकटा असला की म्हणतो, "पोरगी मातीत गेली." तिच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हा त्या मातीत असे आहे तरी काय, हे पाहायचेच असे मी ठरवले होते.

कॅट्सकिल हे काही हिमालय नव्हेत. सर्वांत उंच शिखर स्लाइड माउंटन. त्याची उंची सुमारे १२७४ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून थोडीच कमी. कळसूबाईने तर त्याला सहज मांडीवर घ्यावे. पण पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडी अशी, की खालून डोंगराचा दगड दिसतच नाही. मेपल, बीच, बर्च आणि ओढ्याकाठी काळेभोर हेमलॉक. (सॉक्रेटिसाने प्यायलेला तो हेमलॉक हा नव्हे. ते झुडूप, हा देवदाराच्या नात्यातला सरळ, उंच, सालस वृक्ष.)

"या झाडीखाली सुपीक माती असणार," मी म्हणालो.

पुतणी हसली. तिने घरामागच्या उतारावर खड्डा खणायला घेतला आणि माझ्या हाती टेप दिला. "काका, तुम्ही नुसते टेप धरा."

नुसते टेप धरण्याचे काम मला सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत पुरले. कारण पहिल्या दोन फुटांतच इतके दगड निघाले, की खड्ड्याशेजारी एक छोटी गढी उभी राहिली. नारळाएवढे, पाट्याएवढे, वरवंट्याएवढे, लिंबाएवढे. आणि त्यांच्यामध्ये खडे, वाळू, पिठासारखी बारीक धूळ, थोडी चिकणमाती. ना क्रम, ना प्रतवारी.

नदीने आणलेला गाळ असा नसतो. नदी ही नीटनेटकी गृहिणी. ती सुपात घेऊन पाखडल्यासारखे सगळे वेगळे करते. मोठे गोटे डोंगराच्या पायथ्याशी टाकते, वाळू पुढे नेते, आणि मऊ गाळ शेवटी सपाटीवर अंथरते. पण इथे आणणारी नदी पाण्याची नव्हती, बर्फाची होती. काही दशसहस्र वर्षांपूर्वी कॅनडाकडून शेकडो मीटर जाडीचे बर्फ सरकत सरकत या डोंगरांवर आले. वाटेत जे सापडले ते त्याने उचलले, रगडले, पोटाखाली घेऊन ओढत नेले. आणि सुमारे पंधरा-सोळा हजार वर्षांपूर्वी ते वितळून मागे हटले, तेव्हा होते तसे सगळे जागेवर टाकून गेले. दिवाळीच्या चिवड्यात पोहे, दाणे, खोबरे, डाळे आणि तळाशी मसाल्याची भुकटी एकत्र असावी, तसा हा बर्फाचा चिवडा. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला 'टिल' म्हणतात.

आपल्याला बर्फाचे कौतुक सरबतापुरते. पण महाराष्ट्राच्या भूमीवरही हिमनद्या फिरून गेल्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ चुनखडीच्या खडकावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आहेत आणि वर तिने टाकलेल्या दगडगोट्यांचा थर आहे. फक्त त्याला सुमारे तीस कोटी वर्षे झाली. तो चिवडा केव्हाच दगड होऊन बसला. कॅट्सकिलमधला अजून सुटा आहे, मोकळा आहे, आणि त्यात मुळे शिरताहेत.

टिलाच्या खाली काय? खाली लालसर वालुकाश्म, म्हणजे वाळूचा खडक. त्याची कथा याहून जुनी. सुमारे अडतीस कोटी वर्षांपूर्वी याच्या पूर्वेला उंच पर्वत होते. त्यांच्यावरून उतरणाऱ्या नद्यांनी वाळू आणि चिखल आणून इथे पसरला, आणि दडपणाखाली त्याचा खडक झाला. त्या नद्यांच्या काठी पृथ्वीवरची अगदी पहिली झाडे उभी होती. गिल्बोआ गावी १८६९ साली ओढ्याला पूर आला, काठ कोसळला, आणि त्या झाडांचे दगड झालेले बुंधे उघडे पडले. केरो नावाच्या गावाजवळ एका जुन्या खाणीच्या तळाशी तर त्या काळच्या झाडांची मुळे जशी पसरली होती तशी जमिनीवर उमटलेली आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांचे वर्णन २०१९ साली प्रसिद्ध केले. म्हणजे आजच्या अरण्याच्या मातीखाली बर्फाचा चिवडा, आणि त्याच्याखाली आद्य अरण्याची दगड झालेली माती. आमच्या वाड्यातसुद्धा भाडेकरूंची एवढी उतरंड नव्हती.

पण वाळूच्या खडकात एक उणीव असते. चुना फार थोडा. आपल्या काळ्या मातीला बसाल्टाने चुना, मॅग्नेशियम हातचे राखून न ठेवता दिले. वालुकाश्म म्हणजे मुख्यतः गारगोटीचे कण. त्याच्याकडे देण्यासारखे काय असणार? बर्फाने तोच खडक रगडून ही माती केली. तेव्हा आईची गरिबी लेकीच्या वाट्याला आली. त्यात वर्षभर पाऊस आणि हिमवृष्टी. जे थोडे क्षार असतात तेही पाणी खाली धुऊन नेते. परिणाम असा, की ही माती आंबट. चवीने नव्हे, मोजून. वरच्या थरांचा आंबटपणा दह्याच्या जवळपास जातो.

दुपारी दोनला खड्डा पुरा झाला. पुतणीने त्याची एक बाजू सुरीने तासून सरळ केली, तेव्हा जमीन एखाद्या पुस्तकाच्या कडेसारखी दिसू लागली.

सर्वांत वर पालापाचोळा. त्याचेही तीन थर. या वर्षीची पाने अखंड. त्याखाली गेल्या वर्षीची, नुसत्या शिरा उरलेली, जाळीदार. आणि त्याखाली चार बोटे जाडीचा काळा, स्पंजासारखा मऊ थर, ज्यात पान कोणते आणि माती कोणती हे सांगता येऊ नये. त्यात केसासारखी मुळे आणि बुरशीचे पांढरे धागे यांची अशी वीण, की चिमटीत धरून उचलले तर घोंगडीच्या तुकड्यासारखे वर येते. त्याच्याखाली, हेमलॉकच्या बाजूला, एकदम राखेच्या रंगाचा पट्टा. आंबट पाण्याने लोह आणि ॲल्युमिनियम धुऊन नेले, उरली फिकट वाळू. रशियन शेतकरी अशा जमिनीला 'पॉडझॉल' म्हणत. अर्थ, खाली राख असलेली. वरून धुतलेले लोह लगेच खाली साठते, म्हणून राखेखाली गंजाचा, कॉफीच्या रंगाचा पट्टा. त्याखाली लालसर तपकिरी, दगडगोट्यांची माती.

आणि दोन-सव्वादोन फुटांवर फावडे खणकन वाजले.

मला वाटले खडक लागला. पण तो खडक नव्हता. ती मातीच होती, पण विटेसारखी घट्ट बसलेली. झाडांची मुळे तिथपर्यंत येऊन काटकोनात वळली होती आणि आडवी पसरली होती. पुतणीने त्याचा एक सुका ढेकूळ स्वयंपाकघरात नेला. तो मी हाताने दाबून पाहिला, फुटेना. मग तिने तो पाण्याच्या वाटीत सोडला. चहात बुडवलेले बिस्किट विरघळावे तसा तो बघता बघता ढासळला. कोरडा असताना वीट, ओला झाला की चिखल. पण जमिनीत चारी बाजूंनी दाबून बसलेला असल्यामुळे हा थर पाणी फारसे खाली जाऊ देत नाही, मुळांनाही नाही. हिमवितळीच्या दिवसांत पाणी या थरावर तुंबते आणि उतारावरून जमिनीच्या आतल्या आत हळूहळू ओढ्याकडे निघते.

एवढे पाहिल्यावर त्या जंगलातल्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. तिथे जागोजाग झाडे मुळांसकट आडवी पडलेली दिसतात. मूळ खोल जाऊच शकत नाही, म्हणून जोराचा वारा आला की झाड मुळांच्या थाळीसकट उलथते. आणि त्या थाळीत दगड अडकलेले, जसे उपटलेल्या भुईमुगाला दाणे. झाड कुजून जाते, मागे एक खळगा आणि एक उंचवटा राहतो. सगळे रान असे उंचसखल. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, आणि ती स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात. तिथे नांगरणी वाऱ्याकडे आहे. एका जागी त्याची पाळी कित्येक शतकांनी येते, एवढेच.

जिथे मात्र जमीन सपाट गुळगुळीत लागते, तिथे ओळखावे, की कधी काळी इथे माणसाने शेत केले होते. आणि खरोखरच ऐन जंगलात, मेपलच्या गर्दीतून, कमरेएवढ्या दगडी भिंती सरळ रेषेत जाताना दिसतात. ना घर, ना गोठा, नुसती भिंत. सव्वादोनशे वर्षांपूर्वी युरोपातून आलेल्या कुटुंबांनी इथली झाडे तोडली, दगड वेचले, वेचलेल्या दगडांची कुंपणे रचली. पुढच्या वसंतात पाहावे तो शेतात दगड आहेतच. हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि खालचा दगड कणाकणाने वर ढकलते. दगडांचे पीक तेवढे न चुकता येई. १८२५ साली एरी कालवा सुरू झाला, पश्चिमेच्या सपाट, निर्मळ जमिनींचे धान्य स्वस्तात येऊ लागले, आणि या डोंगरांतली शेते एकामागून एक ओस पडली. हेमलॉकची त्याहून वाईट गत झाली. त्याच्या सालीने चामडे कमावता येते, म्हणून एकोणिसाव्या शतकात साल सोलून घेऊन खोडे तशीच कुजायला टाकली.

एखाद्या भिंतीजवळ मी उभा राहत असे, तेव्हा मला ती माणसे दिसत. त्यांनी मातीला शिव्या दिल्या असतील. पिढ्यान्‌पिढ्या राबून तिने त्यांना काय दिले? बटाटे, थोडे गवत, आणि पाठदुखी.

पण गोष्ट तिथे संपली नाही. शेती सुटली, तशी झाडी परत आली. १८८५ साली न्यूयॉर्क राज्याने इथली सरकारी जमीन राखीव केली. १८९४ च्या राज्यघटनेत ती कायम रानच राहील असे कलम घातले. आणि शहराला पाणी कमी पडू लागले, तेव्हा शहराने या डोंगरांकडे पाहिले. अशोकन नावाचे धरण बांधले. १९१५ साली त्याचे पाणी शहराकडे निघाले. (नावाचा सम्राट अशोकाशी संबंध नाही, ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले आहे.) त्या पाण्याखाली गावे गेली, दोनएक हजार माणसे उठली, स्मशानेही हलवावी लागली. धरण म्हटले की हे आलेच. आपल्याला ते सांगायला नको.

आज न्यूयॉर्क शहराच्या ऐंशी लाखांहून अधिक लोकांना लागणाऱ्या पाण्यापैकी सुमारे नव्वद टक्के पाणी कॅट्सकिल आणि त्याच्या शेजारच्या डेलावेअर खोऱ्यातून येते. बहुतेक नुसत्या उताराने येते. जंतू मारण्यासाठी त्यावर उपचार होतात. पण गाळण्याचे कारखाने त्याला नाहीत. १९९० च्या सुमारास प्रश्न निघाला, की आता गाळणी बांधावी लागणार. खर्च कित्येक अब्ज डॉलर. शहराने हिशोब केला, की त्यापेक्षा डोंगरच नीट ठेवणे स्वस्त. १९९७ साली शहर, राज्य, केंद्र सरकार आणि डोंगरातली गावे यांचा करार झाला. शहराने तिथल्या जमिनी विकत घेतल्या, गावांची सांडपाण्याची व्यवस्था सुधारून दिली, गोठ्यांची घाण ओढ्यात जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांना पैसे दिले.

म्हणजे गाळणी कोण? ही माती. ती चार बोटे जाडीची काळी घोंगडी. ती पावसाचा थेंब झेलते, मुरवते, आणि संथपणे खाली सोडते. जिथे ती नसते, जिथे ओढा काठ खातो आणि हिमयुगातल्या चिकणमातीला जाऊन भिडतो, तिथे मोठ्या पावसानंतर पाणी लाल गढूळ होते आणि शहरातल्या अधिकाऱ्यांची झोप उडते. ज्या मातीत कुणब्याला भाकरी मिळाली नाही, ती एका महानगराला पाणी पाजते आहे. आणि तिने ते श्रीमंत होऊन केलेले नाही. ती गरीब, दगडी, आंबट होती म्हणूनच माणसाने तिचा नाद सोडला, आणि नाद सोडला म्हणून अरण्य परतले.

आता गांडुळाकडे येऊ. अमेरिकेच्या या उत्तर भागात बर्फ गेल्यानंतर गांडुळे नव्हतीच. जी काही होती ती हिमयुगात नाहीशी झाली. पुढची हजारो वर्षे हे अरण्य गांडुळांवाचून वाढले. पाने सावकाश कुजावीत, त्यांची घोंगडी साठत जावी, मेपलचे बी तिच्यात रुजावे, पाखरांनी तिच्यात घरटी करावीत, बेडकाच्या नात्यातल्या सॅलमॅन्डरने तिच्याखाली ओल्याव्यात दडून राहावे, असा सगळा संसार ठरून गेला. मग युरोपीय लोक आले. त्यांच्या रोपांच्या मुळांबरोबर, जहाजांत भरलेल्या मातीबरोबर गांडुळे आली. पुढे गळाला लावायची म्हणून लोकांनी ती तळ्याकाठी नेली आणि उरलेली जंगलात सोडून दिली. स्वतःच्या पायांनी, म्हणजे पोटाने, ती वर्षाला पाच-दहा मीटरच सरकतात. पण ज्या उतारावर ती पोचतात, तिथे पालापाचोळ्याची घोंगडी काही वर्षांत खाऊन फस्त करतात. शेतात हेच काम वरदान. तिथे ते घराचे छप्पर काढून नेण्यासारखे. आता जपान-कोरियाकडून आलेली, हात लावताच सापासारखी उसळणारी दुसरी जात त्यात सामील झाली आहे. ती जिथे असते तिथली वरची माती कॉफीच्या चोथ्यासारखी सुटी होऊन जाते.

पुतणीने मला दोन उतार दाखवले. वरचा, जिथे माती फार आंबट आहे आणि गांडुळांना मानवत नाही. तिथे पाऊल टाकले की गादीवर टाकल्यासारखे वाटते, आणि चहूकडे बोटभर उंचीची मेपलची रोपे. खालचा, रस्त्यालगतचा, तिथे ऐन उन्हाळ्यात जमीन उघडी, मुळे वर आलेली, रोपटे नावाला. झाडे दोन्हीकडे तेवढीच मोठी. नवख्याला फरक कळणारही नाही. "मोठी झाडं आहेत तोवर कुणाच्या लक्षात येत नाही, काका," ती म्हणाली. "ती पडतील तेव्हा खाली कोणी नसेल."

आंबटपणाने राखले तेही अर्धेच. विसाव्या शतकात पश्चिमेकडच्या कोळशाच्या धुराने पाऊसच तेजाबी झाला. आधीच थोडा असलेला चुना त्याने आणखी धुऊन नेला. १९७० आणि १९९० च्या कायद्यांनी धुराला आवर घातला, पाऊस बराच निवळला. पण मातीतून गेलेला चुना परत भरायला वालुकाश्माला घाई नाही. गरिबाच्या घरची चोरी लवकर भरून येत नाही.

मी निघण्याच्या दोन दिवस आधी एक शेजारीण फुलझाडाचे रोप कुंडीसकट घेऊन आली. पुतणीने तिचे आभार मानले, चहा दिला. ती गेल्यावर मागच्या दारी बादली घेऊन बसली, रोप कुंडीतून अलगद काढले, आणि त्याची मुळे पाण्यात बुडवून धुऊ लागली. एकेक मूळ बोटांनी सोडवून, मातीचा कणही राहू नये अशी. गांडुळांची अंडी मोहरीएवढ्या कोशात असतात आणि ती अशीच कुंडीच्या मातीतून घरोघर जातात. धुतलेली माती तिने काळ्या पिशवीत भरून उन्हात ठेवली.

"रोप जगेल का गं?" मी विचारले. "सगळी जुनी माती काढून टाकलीस."

"चार दिवस मान टाकेल. मग धरेल."

मी काही बोललो नाही. ही मुलगी पुण्याहून निघाली, तेव्हा विमानतळावर भाऊ तिच्या पिशवीत कायकाय कोंबत होता, आणि ती एकेक वस्तू बाहेर काढून ठेवत होती, ते मला आठवले. तिने ते रोप ओट्याजवळ, दगड वेचून केलेल्या वाफ्यात लावले, भोवती मुठीने पालापाचोळा दाबला आणि मग हात धुतले.

काल तिने फोटो पाठवला. रोपाला तीन नवी पाने आली आहेत. तो मी भावाला दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग चष्मा पुसत म्हणाला, "माती काळी दिसतेय की."

मी म्हटले, "वरची चार बोटेच. पण ती जपते."